रेघ मोडली

“मामा, देवमासा. चला वर, लवकर.”

स्वयंपाकी मामांनी कांद्यावरून नजर उचलली नाही. “केवढा आहे?”

“बोटीएवढा.”

“मग त्याला सांग, एवढ्या पोटाला पुरेल असं आज काही केलेलं नाही.”

दारात इंजिनवाला उभा होता. बोटीवर सगळे त्याला नाटक्या म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. देवमासे मोजत फिरणारी ही बोट, पण मामांनी आजवर एक देवमासा बघितला नव्हता. नाटक्याने त्यांना जितक्या वेळा वर पळवलं होतं, तितक्या वेळा देवमासा स्वतःही वर आला नसेल. एकदा उलटं तरंगणारं पिंप दाखवलं. एकदा ढगाची सावली. एकदा तर सदरा वर करून स्वतःचं पोट दाखवलं. खरा देवमासा यायचा तेव्हा नेमका मामांचा भात शिजत असायचा. शेगडी बंद करून, गुडघे सांभाळत ते वर पोचेपर्यंत समुद्राची पाटी कोरी.

“आईशप्पथ, खरंच आहे.”

“तुझी आई मागच्या खेपेलाही शपथेला आली होती. म्हातारीला जरा बसू दे.”

“मामा, आज तुमचा बोटीवरचा शेवटचा दिवस आहे.”

सुरी थांबली. “म्हणूनच म्हणतो, आज तरी माझं हसं करू नकोस. उद्या धक्क्यावर नात येणार. आल्या आल्या विचारेल, आजोबा, बघितला का? नाही बघितला, असं सांगेन. तेवढं जमेल मला. पण शेवटच्या दिवशीही पिंपामागे पळालो, हे नाही सांगायचं.”

नाटक्याच्या तोंडावरचं हसू उतरलं. जन्मात एकदा खरं बोलायला गेला, आणि गिऱ्हाईकच नाही. तो वळला आणि शिडीने खाली इंजिनाकडे गेला.

आणि इंजिन थांबलं.

मामा ताठ झाले. मोजणी चालू असताना बोट एका सरळ रेघेत, एका वेगाने जायची. मध्ये काहीही दिसो, थांबायचं नाही. थांबलं की ती रेघ बाद, पुन्हा पहिल्यापासून. आणि नाटक्याने थट्टा कशाकशाची केली नव्हती, पण इंजिनाची कधीच नाही. मामांनी शेगडी बंद केली आणि जिन्याचा दांडा धरला.

वर सगळे डाव्या कठड्याला चिकटलेले. मामांना त्यांनी वाट करून दिली. मामा कठड्यावरून वाकले, आणि अगदी खालीच, हाताच्या अंतरावर, कुणीतरी मोठ्ठा सुस्कारा टाकला. तोंडावर पाण्याचा फवारा आला आणि त्यामागून वास. कुजक्या मासळीचा. असा वास खाली आला असता तर मामांनी अख्खी बोट घासून काढली असती. चष्मा पांढराफटक झाला.

त्यांनी घाईघाईने तो कमरेच्या फडक्याला पुसला. फडक्याला सकाळपासूनचं तेल. काचा आणखी बरबटल्या. बाहीने पुन्हा पुसल्या आणि बघितलं, तर पाण्यावर नुसतं एक गुळगुळीत वर्तुळ, हळूहळू पसरत जाणारं.

“गेला?”

“गेला,” मागून नाटक्या म्हणाला. त्याचे हात काळे होते.

कुणी हसलं नाही. वरच्या टेहळणीच्या खुर्चीतून मॅडम खाली आल्या. मोजणी त्यांची, बोटही त्यांच्या शब्दावर चालायची.

“इंजिनात बिघाड?”

हो म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. “बिघाड नाही,” नाटक्या म्हणाला. “मीच बंद केलं. मामांना बघायचा होता.”

“रेघ मोडली. सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली.”

“ती तर आधीपासूनच,” नाटक्याने सुरुवात केली आणि स्वतःच गप्प बसला.

मॅडमनी मामांकडे बघितलं. त्यांच्या मिशीवरून अजून पाणी ठिबकत होतं. “दिसला का हो मामा?”

सगळ्या माना वळल्या. मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

“वास आला,” ते म्हणाले. “दिसला नाही.”

मॅडम मग म्हणाल्या, “पुन्हा पहिल्यापासून जावं लागेल. नियम आहे. माझ्या खुर्चीत मामा बसतील, मी शेजारी उभी राहते. मामा, मोजायचं नाही, ओरडायचं नाही. नुसतं बघायचं.”

“आणि माझा कांदा?”

“ज्याने इंजिन बंद केलं, तो परतेल. इंजिन सुरू कर आणि जा रे स्वयंपाकघरात. सरळ रेघ आहे, तुझ्यावाचून अडत नाही.”

बोट वळली. मामा उंच खुर्चीत बसले, पाय अधांतरी, कमरेला अजून फडकं. मॅडमनी दिलेल्या कोऱ्या रुमालाने त्यांनी चष्मा पुसला, उन्हात धरून बघितला, परत पुसला. मग मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिले.

बऱ्याच वेळाने खालून धूर आला. त्यामागून करपल्याचा वास, आणि त्यामागून हाक.

“मामा, कांदा लाल झाल्यावर काळा व्हायचा असतो का?”

सगळ्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी मान वळवली नाही.