हिरवी बाही

हिरवी लोकरीची बाही. ओढ्यात कलंडलेलं निळं पिंप. ट्रकच्या खिडकीतून बाहेर आलेलं कोपर. सुनेने फोनवर काढलेल्या फोटोत ठिपक्याएवढं दिसणारं सगळं प्रदूषण मंडळाच्या सुनावणीत भिंतीवर मोठं झालं आणि तिने ती बाही ओळखली. तो स्वेटर सासूने विणला होता. प्रौढांच्या कॉलेजात दोघी एकाच बाकावर. वस्तीच्या ओढ्यात विष कोण ओततं, हा त्यांचा पदवीचा प्रकल्प. “अभ्यास छान केलात, आजी,” कारखान्याचा वकील हसला. “पण ट्रक आमचाच कशावरून? चालवणारा कोण, सांगा. नाहीतर घरी जा.” सुनेने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. सासूने मनगट धरलं. “आई, नका. ह्यांना तुरुंगात टाकतील.” “आणि वस्तीतली पोरं काय पितात?” सासू अधिकाऱ्यांसमोर उभी राहिली. “लिहून घ्या, साहेब. माझा मुलगा. यांच्याच कारखान्यात आहे.” दोघींना कॉलेजात त्यानेच घातलं होतं.