हत्तीला वाट

हमरस्त्याचा फाटा आला, तरी तेंबेकाने गाडी वळवली नाही. अभयारण्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सरळ दामटली. शेजारी बसलेल्या एल्फस काकांनी पुतणीला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. त्यांच्या हातात फांदी होती. फांदी धरलेल्या माणसाने जिवंत माणसाशी बोलायचं नसतं.

"दादा," ते फांदीला म्हणाले, "आपण हमरस्त्याला लागलो नाही. सरळ चाललोय. का, ते तुझ्या लेकीला विचार. मला तर विचारायची सोय नाही."

फांदी बोरीच्या जातीच्या झाडाची. एक काटा सरळ, एक आकड्यासारखा वळलेला. महिन्यापूर्वी समुद्रकाठच्या गावात, भाड्याच्या गाड्यांच्या आवारात बाबा छातीत कळ येऊन कोसळले आणि तिथेच गेले होते. आज सकाळी काकांनी त्याच जागी फांदी टेकवली आणि "चल दादा, घरी," म्हणून हाक मारली. तेव्हापासून बाबा गाडीत होते. वाटेतलं प्रत्येक वळण, प्रत्येक पूल त्यांना सांगायचा. सांगितलं नाही, तर माणूस तिथेच मागे राहतो. आणि फांदीपाशी खोटं बोलायचं नाही. भावकीत कुणालाही असं घरी आणायचं असलं की एल्फस काकांनाच बोलावत, कारण त्यांच्या तोंडून चुकूनसुद्धा खोटा शब्द जात नसे.

घरी, डोंगरांच्या पायथ्याशी, बकरा बांधलेला होता. माणसं जमली होती. दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं. एकदा फांदी घरात ठेवली की बाबा कायमचे घराचे. मग कुठे जाणं नाही, येणं नाही.

तेंबेकाचा जीव तिथेच अडकला होता.

बाबांनी जन्मभर पाहुण्यांच्या हातात किल्ल्या दिल्या. नकाशावर बोट ठेवून प्रत्येकाला तेच सांगितलं. "सकाळी समुद्र बघा. मग नदीच्या वळणावर थांबा, हत्ती येतातच. पुढे राजांचं खोरं. आणि शेवटी डोंगर. ते आमचे." पाहुणे आपापली गाडी हाकत जात, चिखलाने माखून परत आणत, आणि बाबा तो चिखल धूत. स्वतः कधी अभयारण्याच्या फाटकाच्या आत गेले नाहीत. घरी जायचे ते खच्चून भरलेल्या टॅक्सीत गुडघे पोटाशी घेऊन. "तू गाडी शिक, मग आपण जाऊ," असं तिला म्हणायचे. ती शिकली. मग जोहान्सबर्गच्या नोकरीतून सुट्टी निघेना.

फाटकावरच्या बाईने काचेतून फांदी पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढली. काकांना तिने काहीच विचारलं नाही.

"पलीकडच्या फाटकाने बाहेर पडा," ती तेंबेकाला म्हणाली. "आणि हत्ती आडवा आला तर घाई नको गं. वाट द्यायची त्याला."

नदीच्या वळणावर तेंबेकाने गाडी थांबवली. पात्रात नुसती वाळू, मधे पाण्याची एक धार. हत्ती सोडा, हरीणसुद्धा नव्हतं. ती काचेला नाक लावून बसली, मग पुढे वाकली, मग तिने मान वळवून मागे पाहिलं. तिचा फोन वाजून वाजून बंद झाला. घरून आत्याचा होता.

"दादा, इथे लीद आहे," काका म्हणाले. "तीही वाळलेली. एवढ्यासाठी लोक विमानाने येतात."

"काका, पाचच मिनिटं."

"दादा, मघाशीही पाचच होती. हिची पाच मिनिटं काही संपत नाहीत."

तिने गाडी जरा पुढे घेतली, पुन्हा मागे आणली. पलीकडचा काठ पाहिला. झाडं पाहिली. फोन पुन्हा वाजला. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले आणि तिला रडू फुटलं.

"येतातच म्हणायचे ना! मग आजच कुठे मेलेत? आज एकच दिवस आहे हो माझ्याकडे. काका, सांगा ना त्यांना, मी आणणारच होते. खरंच आणणार होते."

काकांनी फांदीकडे पाहिलं, मग त्या कोरड्या पात्राकडे. सुटाचं वरचं बटण उगाच काढलं, पुन्हा लावलं. घसा खाकरला.

"दादा," ते म्हणाले, "आली बघ."

तेंबेकाने झटक्यात मान वर केली. वाळू होती. पाण्याची धार होती. काठावर एक बगळा होता.

"त्या झाडामागून. हत्तीण आहे. बाप रे, केवढं धूड! एक कान फाटलाय. मागे पिल्लू आहे रे. सारखं तिच्या पायात पायात येतंय. पाणी पितायत दोघं. नीट बघून घे, दादा. आपल्याला घाई नाही."

तेंबेकाने त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच बघत होते. फांदी त्यांनी जरा उंच धरली होती, काचेच्या जवळ.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, गाडी चालू केली आणि गिअर टाकला.

"थांबव तिला, दादा," काका घाईने म्हणाले. "रस्त्यात आहेत दोघं. पिल्लू रेंगाळतंय."

समोर रस्ता लांबवर मोकळा पडला होता. तेंबेकाने ब्रेकवर पाय दाबला आणि पिल्लू पलीकडे जाईपर्यंत थांबून राहिली.