टकटक

लातुरात शिकवण्यांच्या चौकात दहशतवाद्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि नाश्त्याच्या हॉटेलाचा स्लॅब विद्यार्थ्यांवर कोसळला. मेस चालवणाऱ्या मंजुळाबाई धावत आल्या. त्यांच्याकडं जेवणाऱ्या मुग्धाचं प्रेत बाहेर काढलं होतं. तिची मैत्रीण करिश्मा सापडत नव्हती. "आत आता कुणी जिवंत न्हाई," अग्निशमनचा जवान म्हणाला. "समदे गप बसा!" मंजुळाबाई ओरडल्या. "त्र्याण्णवच्या भूकंपात रडारडीमुळं माझ्या बहिणीची हाक कुणालाच ऐकू आली न्हाई." चौक चिडीचूप झाला. त्यांनी स्लॅबला कान लावला. आतून टकटक ऐकू आली. दोन तासांनी करिश्मा जिवंत निघाली. "बरं झालं वाजवत राहिलीस, बाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "मी न्हाई, मावशी. माझे दोन्ही हात दबले होते. शेजारी मुग्धा वाजवून राहिली होती. तिला पण काढा." मंजुळाबाईंनी तिला घट्ट धरलं. "हाव," त्या म्हणाल्या, "काढतेत."