छपरावरचं कूळ

केपटाऊनच्या हिवाळ्यात पाऊस मुक्कामालाच येतो. मारादेबे मावशींच्या परसात भाड्याने घेतलेल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत तो नेमका माझ्या तान्ह्या लुथोच्या अंथरुणावर गळायचा.

त्या दुपारी भर पावसात पत्र्यावर पावलं वाजली, ठोकाठोक झाली आणि गळती थांबली. मावशींचा भाऊच चढला असणार! मला अगदी भरून आलं. आमच्यात आभार मानायचे तर माणसाच्या कुळाचं नाव घेऊनच. मावशींचं नि त्यांच्या भावाचं कूळ रादेबे, म्हणून मी ओरडले, "उपकार झाले हो, रादेबे!"

टपकन एक थेंब लुथोच्या कपाळावर पडला.

मावशी दारात आल्या. "अगं बये, कुणाला ओरडतेस? भाऊ सकाळीच कामावर गेलाय."

"मग वर कोण आहे?"

आम्ही दोघींनी बाहेर जाऊन पाहिलं. छपरावर कुणीच नव्हतं. पावलं मात्र वाजतच होती.

आत आल्यावर मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या, "भलतंच कूळ घेतलंस, म्हणून रुसलाय. लेकराला कोरडं ठेवलंय ना त्यानं? मग नीट आभार मान."

मी माझ्या कुळाचं नाव घेतलं. थेंब पडला. लुथोच्या बापाच्या कुळाचं घेतलं. आणखी एक पडला. मी रडकुंडीला आले. मला खरंच मनापासून आभार मानायचे होते.

तेवढ्यात, अजून 'आई'सुद्धा म्हणता न येणारा लुथो छताकडे बघून खुदकन हसला आणि स्वच्छ म्हणाला, "जोला." ते कूळ आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

वरून कुणीतरी मायेने ओ दिली.