एक स्टारवाल्या डॉक्टर

“नातेवाईक कोण आलंय बरोबर?” डॉक्टर बाईंनी विचारलं, आणि तेजस्वीने कमलआत्याला खांद्याला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं. पाट मांडून पाहुण्याला बसवावं तसं. बकरा जागेवर आला होता.

बाजूला आई डोळ्यांवर ओढणी धरून बसली होती. डावं कपाळ ठणकत होतं तिचं. डिलाईल रोडवरून दादरला येईपर्यंत तिने दोनदा टॅक्सी थांबवली होती. दोन्ही वेळा नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या.

या दिवसासाठी दहावीच्या अभ्यासातून वेळ चोरून तेजस्वी दोन महिने झटली होती. अर्धी मुंबई तिने पालथी घातली, अर्थात मोबाईलवर. परळचं सरकारी हॉस्पिटल? केसपेपरच्या रांगेतच माणसाचं उरलेलं अर्धं डोकं दुखायला लागेल. गिरगावातले होमिओपॅथ? गोळ्या गोड, पण कांदा-लसूण बंद, आणि पेशंटला म्हणे लहानपणीची स्वप्नं विचारतात. लालबागचा एक जण मानेत सुया टोचायचा. मग सापडल्या दादरच्या या बाई. त्यांच्या नावाखाली कोणीतरी चिडून लिहिलं होतं, ‘डॉक्टर हुशार, पण पेशंटच्या घरच्यांना फाडून खातात. एक स्टार.’

तेजस्वीने तिथेच नंबर लावला. औषधाचा गुण येईल तेव्हा येईल. आधी आत्याला कोण सोलेल, ते महत्त्वाचं.

आत्याचा गुन्हाच तसा होता. दर मंगळवारी ती शिवडीहून उगवायची आणि घराचा ताबा घ्यायची. तेजस्वी शाळेतून आली की तेच चित्र. ट्यूबलाईट बंद, टीव्ही बंद, आत्या गॅसपाशी आणि आई भिंतीकडे तोंड करून आडवी. वर आत्याचा हुकूम, “क्लासाक नीघ गे, तुझी बडबड नको हय.” एकदा तर दाराबाहेर चपला काढताना तेजस्वीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, “पुरे झाली तुझी नाटकां, दर्शना.” त्यावर आईचं मुसमुसणंही ऐकलं होतं. दुखणाऱ्या डोक्याला नाटक म्हणते? थांब म्हणावं.

मग तिने वही सुरू केली. तारीख, झोप, जेवण, दुखणं किती वेळ, हे चार रकाने एका वेबसाईटवर सांगितले होते. पाचवा तिने स्वतः आखला. कोण आलं होतं?

“पाचवा रकाना बघा, डॉक्टर,” ती म्हणाली. “नऊच्या नऊ वेळा एकच नाव आहे.”

आत्याने वहीकडे पाहिलं, मग भाचीकडे. “पोलिसात भरती हो गे तू,” ती म्हणाली. “डॉक्टराकडे कित्याक येतंस?”

डॉक्टरांनी पानं उलटली. पण त्यांचं बोट तिसऱ्या रकान्यावर थांबलं. “नऊच्या नऊ वेळा ‘उपास’ पण लिहिलंयस.”

“मंगळवार असतो तिचा, आजही आहे. अर्ध्या चाळीचा असतो,” तेजस्वी म्हणाली. “साबुदाण्याने डोकं दुखत असतं तर अख्खा डिलाईल रोड आडवा झाला असता.”

“साबुदाणा खाता?” डॉक्टरांनी आईला विचारलं.

आईऐवजी उत्तर आत्याने दिलं. “पाणी पण पीत नाय. दिवा लागेपर्यंत.”

आणि मग बाई पेटल्या. एक स्टार त्यांनी कमावलेला होता. दिवसभर उपाशी, घशाखाली पाण्याचा थेंब नाही, तर डोकं दुखेल नाहीतर काय होईल? आणि तुम्ही घरची मोठी माणसं, तुम्ही काय करता? तेजस्वीला हवं तस्संच, आत्याच्या तोंडावर.

“मी येतंय,” आत्या शांतपणे म्हणाली. “दुपारी हिचो फोन येता, ‘ताई, डोक्यात घण पडतत.’ मगे शिवडीसून येतंय. काळोख करतंय, जेवण करतंय, पोरीक भायर धाडतंय. आणखी काय करू?”

डॉक्टरांनी वही मिटली.

“कशासाठी एवढा कडक उपास?” डॉक्टरांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

“नवस सांगायचा नसतो,” आई ओढणीआडून पुटपुटली.

“मी सांगतंय.” आत्याने हनुवटीने तेजस्वीकडे दाखवलं. “ह्या पोर नववीत गणितात नापास झाला तेव्हापासून. दहावीत गणित सुटेपर्यंत मंगळवारी पाणी नाय. दर आठवड्याक घसो फोडतंय, दर्शना, पोरगी पास होतली ती सोताच्या डोक्यान, तुझ्या न्हय. तर रडत बसता.”

तेजस्वीचे कान तापले. दोन महिने जमवलेला राग तसाच्या तसा अंगात होता, आणि ज्याच्यावर काढावा असं खोलीत कोणी उरलं नव्हतं. एक ती स्वतः सोडून. आणि तिच्या नावाचा रकाना वहीत नव्हता.

“गोळी देते,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आधी पोटात काहीतरी जाऊ दे. आत्ता.”

आईने मान हलवली. “देवाला शब्द दिलाय. मार्चपर्यंतचा तर प्रश्न आहे.”

आत्याने पिशवीतून केळं काढलं. दर मंगळवारी आणत असणार, आणि दर मंगळवारी परत नेत असणार. तेजस्वीने ते तिच्या हातातून घेतलं, सोललं आणि आईच्या तोंडासमोर धरलं.

“मग माझाही नवस ऐक, आई,” ती म्हणाली. “हे खाल्लं नाहीस, तर गणिताचा पेपर कोरा देईन.”