काचेमागचं खोकं

औषधाच्या दुकानात शिरताच चौकशीबाईंनी आधी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. दुसऱ्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, दम्याच्या पंपाचं निळं खोकं नेहमीच्या जागी होतं. त्यांच्या जिवात जीव आला.

आज कशा काय, तुमची फेरी तर महिनाअखेरीला असते, असं औषधवाला म्हणाला. आज भाव टिपायला नाही, घ्यायला आलेय, असं बाईंनी सांगितलं तेव्हा त्याने हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत बाईंनी त्याच्याकडून साधी खोकल्याची गोळी घेतली नव्हती. त्यांच्या कामाचा नियमच तसा होता. भाव बघायचा, लिहायचा आणि निघायचं. भाव विचारून पोट भरलं का, म्हणून बाजारातले दुकानदार त्यांची टिंगल करत. चौकशीबाई हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

काम मात्र मोठं होतं. तोच साबण, तेच पीठ, तेच औषध एकाच महिन्यात कितीतरी देशांतल्या दुकानांत पाहिलं जाई. कुठल्या देशातल्या माणसाला काय परवडतं, कोण सुखात आहे आणि कोण नाही, हे त्यावरून ठरे. गेल्या वर्षी औषधं परवडण्याच्या बाबतीत देश शेजारच्या दोन देशांच्या पुढे गेला. भाव गोळा करणाऱ्या सरकारी कचेरीत साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. घरी थोरल्या बहिणीने, ताईने, पेपरातली बातमी शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवली. "आमच्या धाकटीने आणलेत हे आकडे," असं सांगताना तिला धाप लागली, तरी ती थांबली नाही.

त्याच ताईचा पंप काल संपला. दवाखान्यातून मिळालेला तो पंप तिने पुरवून पुरवून वापरला होता. रात्रभर ती पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसून होती, तिला आडवं होता येत नव्हतं. सकाळी दवाखान्यात नेलं, तर पंप बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी हातात पडली. सगळं गाव पालथं घातलं तरी मिळत नाही म्हणतात, असं शेजारीण म्हणाली. बाईंना तिचा रागच आला. या शहरात कुठे काय मिळतं हे आपल्याइतकं ठाऊक आहे कोणाला? मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, ही गेले आणि हा आणला, असं सांगून त्या निघाल्या. त्यावर ताई हसली होती. हसायलाही श्वास लागतो.

बाईंनी चिठ्ठी पुढे केली, औषधवाल्याने ती वाचली. मग त्याने कपाट उघडलं आणि खोकं काढून बाईंच्या हातात दिलं. ते इतकं हलकं होतं की धरताच त्यांच्या बोटांखाली दबलं.

"रिकामं आहे, बाई," तो म्हणाला. "माल यायचा बंद झालाय. वर्ष उलटून गेलं."

बाईंनी झाकण उघडून पाहिलं. आत माहितीचा घडी घातलेला कागद तेवढा होता. मग हे इथे कशाला ठेवलंय, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच. माल संपला तेव्हा तुमच्या साहेबांना मी फोन करून कळवलं होतं. ते म्हणाले, खोक्यावर किंमत छापलेली आहे ना, मग आहे. तेव्हापासून रोज पुसून ठेवतो."

त्याच्या बोलण्यात कुठे खोच नव्हती. बाकीच्या दुकानांतही असंच का, असं बाईंनी विचारलं, आणि त्याने होकारार्थी मान हलवली. पुलाजवळचं दुकान, दवाखान्यासमोरचं, शाळेच्या कोपऱ्यावरचं. सगळीकडे तेच निळं खोकं काचेमागे उभं होतं, आणि दर महिन्याला बाईंनी ते पाहिलं होतं. एकालाही त्यांनी कधी हात लावला नव्हता. हात लावायचं त्यांना कारणच पडलं नव्हतं.

बाईंना आता जायला एकही दुकान उरलं नव्हतं. निदान ताईला दाखवायला तरी होईल, असं काहीतरी वेडं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी खोकं पिशवीत टाकलं. औषधवाल्याने संकोचत हात पुढे केला.

"ते नेऊ नका, बाई. मग महिनाअखेरीला तुम्ही लिहिणार काय?"

बाईंनी खोकं परत दिलं. त्याने ते बाहीने पुसलं, किंमत दिसेल असं फिरवून फळीवर ठेवलं आणि काच सरकवली.

तेवढ्यात फोन वाजला. फोन शेजारणीचा होता, पण तिने तो ताईच्या तोंडाशी धरला असावा. कारण आधी बराच वेळ शिटीसारखा श्वासच ऐकू येत राहिला. मग एकच शब्द आला.

"मिळाला?"

बाई कपाटाकडे बघत होत्या.

"आहे, ताई," त्या म्हणाल्या. "समोरच आहे."