आठशे शिलिंगांचं देज

अदिकिनीचं लग्न एकोणीसशे सत्तरचं. ओगुट्टूने तिच्या बापाला आठशे शिलिंग देज दिलं, तेव्हा युगांडाचा शिलिंग आणि सीमेपलीकडचा केनियाचा शिलिंग एकाच भावाने चालायचे. त्यामुळे नोटा कुठल्या देशाच्या, हे कुणी विचारलंच नाही. पुढे सोळा वर्षं ती त्याचा मार खात राहिली, कारण देज परत केल्याशिवाय बाईची सुटका नव्हती.

शहाऐंशी साली युगांडाचा शिलिंग इतका पडला, की केनियाच्या एका शिलिंगला शंभरावर मिळू लागले. अदिकिनीने भुईमूग विकून आठशे जमवले आणि पंचांपुढे ठेवले.

ओगुट्टू फिदीफिदी हसला. "एवढ्यात साबणाची वडी येते! मी केनियाचे दिले होते. केनियाचेच आण."

तेवढे कमवायला तिला उरलेला जन्म पुरला नसता. बाप केव्हाच वारला होता. लग्नात देजाच्या नोटा मोजणारी एकच व्यक्ती आता हयात होती, आणि ती ओगुट्टूची आई होती. पंच तिच्याकडे वळले, तशी अदिकिनीने मान खाली घातली.

"युगांडाचे होते," म्हातारी म्हणाली. "मी स्वतः मोजले होते."

"आई, काय बरळतेस!" ओगुट्टू ओरडला. पण पंचांनी ते आठशे त्याच्या हातावर ठेवले आणि उठले.

म्हातारी सुनेला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

"केनियाचेच होते गं. पळ आता. मलाही घरी जायला हवं, तो वाट बघत असेल."